काटकोनआजोबांची कागदी माणसं

२७ एप्रिल, रविवार. हवा बरी. दूध उशिरा आलं. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. तळमजल्यावरच्या बाइंडरांकडे नात सुट्टीला आली. आल्याआल्या उंबऱ्यातच फुलदाणी फोडली. दुपारी थोडं वाचन. संध्याकाळी बाइंडर स्वतः वर आले आणि माझ्याकडचे जुने रंगीत वेष्टणाचे कागद मागून घेऊन गेले. म्हणाले, "मुलांचा वर्ग घेतोय." तब्येत विचारली. बरी आहे म्हणाले.

डायरीत मी मत फारसं लिहीत नाही. एकदा मत लिहायला लागलं की डिसेंबर यायच्या आधीच पानं संपतात. पण तो आठवडा एवढ्याशा नोंदींत मावण्यासारखा नव्हता, म्हणून हे सवडीने लिहिते आहे.

आमचे बाइंडर म्हणजे पुस्तकांची बांधणी करणारा माणूस. वकिलांचे जाडजूड खंड, शाळांची हजेरीपत्रकं, वाचनालयातली पानं सुटलेली पुस्तकं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. दुकान बंद केलं तेव्हा बाकी सामान विकलं, पण कागद कापायचं कटिंग मशीन मात्र घरी आणलं. बैठकीच्या खोलीत खिडकीशी ते उभं आहे. लोखंडी चाक, रुंद पातं, वर स्वच्छ चादर. दर आठवड्याला त्याला तेल मिळतं. त्यांची बायको पाहुण्यांना ओळख करून देते, "हे आमचे मालक, मी यांची बायको, आणि ती खिडकीतली माझी सवत. सवतीला तेल लावतात. माझे गुडघे दुखून दुखून गेले, पण मला कुणी विचारत नाही."

भाऊंना, मी त्यांना भाऊ म्हणते, जगातली कुठलीही गोष्ट वाकडी सहन होत नाही. माझ्याकडे चहाला आले की बोलता बोलता टेबलावरचं वर्तमानपत्र काठाला समांतर करतात. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासत होते, तेवढ्यात यांनी हात लांब करून भिंतीवरचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सरळ केलं. टोस्टच्या कडा कापल्याशिवाय खात नाहीत. इमारतीतली मुलं त्यांना काटकोनआजोबा म्हणतात आणि त्यांना तो सन्मान वाटतो.

तर वर्ग कशासाठी, ते सोमवारी जिन्यात कळलं. भाऊंची बायको दोन पायऱ्या वर आली आणि कठड्याला टेकून म्हणाली, "ताई, लेकीचा फोन आला होता. म्हणाली, मागच्या सुट्टीत पोर घरी आली ती एकच वाक्य घेऊन. आजोबांकडे सगळ्याला 'हात लावू नको' असतं. या वेळी शनिवारपर्यंत ठेवते, रमली तर ठीक, नाहीतर पुढच्या सुट्टीपासून तिला शिबिरात घालते, म्हणाली. तिलाही त्रास नको आणि तुम्हालाही."

"मग भाऊ काय म्हणाले?"

"काय म्हणणार! उठले आणि सवतीला तेल घातलं." मग तिने आवाज खाली आणला. "पण जेवले नाहीत हो नीट. एकुलती एक नात आहे. ती यायची बंद झाली तर आम्ही दोघं एकमेकांची तोंडं किती बघणार?"

म्हणजे असं होतं सगळं. नातीला रमवायचं, आणि या माणसाला आयुष्यात कागदाखेरीज दुसरं काहीच येत नव्हतं. म्हणून जिन्याच्या तोंडाशी एक कागद लागला. अक्षर सुबक, चारही बाजूंना सारखा समास: 'सुट्टीत आपल्या हाताने कागदी भेटवस्तू करा. मुलांसाठी. हात धुऊन यावे.'

नातीला तिची आजी वावटळ म्हणते. वय आठ. गुडघ्याला कायम चिकटपट्टी, केसांत कायम काहीतरी अडकलेलं. तिच्या मागोमाग प्लंबरची जुळी मुलं आली, दुसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली मुलगी आली, आणखी दोघंतिघं आली. मला 'देखरेखीला' बोलावलं होतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आधी नखं तपासायच्या आणि मग कागद हातात द्यायच्या, हे मी कधीतरी भाऊंना सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर माझी नेमणूक झाली.

पहिला अख्खा दिवस कागद उचलायचा कसा, यात गेला.

"घडी म्हणजे कागदाला दिलेला शब्द," भाऊ म्हणाले. "एकदा दिला की मोडता येत नाही. मोडला तरी खूण राहते."

"आमच्या बाईंनी सहलीला न्यायचा शब्द दिला होता," वावटळ म्हणाली. "मोडला. खूणसुद्धा राहिली नाही."

मग भाऊंनी घडी दाबायची गुळगुळीत पांढरी पट्टी काढली आणि ती हाडाची असते असं सांगितलं. मुलं एकदम मागे सरकली.

"कुणाचं हाड?" जुळ्यांपैकी एकाने विचारलं.

"माझं," आतून आवाज आला. "लग्न झाल्यापासून झिजवतायत."

दुसऱ्या दिवशी पाकिटं आणि पुस्तकात ठेवायच्या खुणा झाल्या. झाल्या म्हणजे मुलांनी केल्या आणि भाऊंनी परत पाठवल्या. त्यांच्याकडे गुण्या आहे, काटकोन तपासायचं लोखंडी साधन. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्याला तो लावायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "छान आहे. पुन्हा कर." चष्मेवाल्या मुलीने तिच्या आईसाठी केलेलं पाकीट इतक्या वेळा 'छान' झालं की शेवटी त्याची घडीच फाटली. तिसऱ्या दिवशी जुळ्यांचं पोट एकाच वेळी दुखू लागलं. चष्मेवालीला अचानक मावशीकडे जायचं होतं. टेबलाशी वावटळ एकटीच, हनुवटी हातावर टेकून.

"आजी," तिने आत हाक मारली, "आई शनिवारी सकाळी येणार की संध्याकाळी?"

"संध्याकाळी गं."

"सकाळी नाही का येणार?"

स्वयंपाकघरातून भाऊंची बायको हातात चमचा घेऊनच बाहेर आली. "ऐकलंत? अहो, ती भेट आहे, सरकारी दाखला नव्हे! पोरांच्या हातचं वाकडंच असतं, म्हणून तर आया जपून ठेवतात."

"सरळ केलेलं जास्त दिवस टिकतं," भाऊ हळू आवाजात म्हणाले.

"नात टिकवायची आहे की पाकीट?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाची बशी टेबलावर जरा तिरपी ठेवली. त्यांची बोटं बशीकडे निघाली आणि मध्येच थांबली. मग त्यांनी गुण्या उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर अर्धा उघडाच राहिला, पण गुण्या आत गेला हे खरं.

कागदी माणसांच्या साखळीची कल्पना वावटळीची. लांब पट्टीच्या पंख्यासारख्या मागेपुढे घड्या घालायच्या, वर एका माणसाचा आकार काढून कापायचं आणि उलगडायचं, की हातात हात धरलेली माणसं उभी राहतात. घड्यांच्या जागी हात कापायचे नाहीत, एवढीच मेख. ही माणसं म्हणजे आमची इमारत करायची, प्रत्येकाला ज्याचा त्याचा चेहरा द्यायचा, आणि शनिवारी वावटळीची आई आली की साखळी जिन्याच्या कठड्याला लावून सगळ्यांना भेट द्यायची, असं तिने जाहीर केलं. जुळ्यांची पोटं त्याच क्षणी बरी झाली. चष्मेवाली मावशीकडून परत आली; मावशी बहुधा पहिल्या मजल्यावरच राहत असावी.

दोन दिवस त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला चष्मा मिळाला आणि डोक्यावर मोठा अंबाडा, माझ्या खऱ्या अंबाड्याच्या तिप्पट. प्लंबरला निळी टोपी. भाऊंच्या बायकोच्या हातात चमचा. भाऊ खांद्यावरून वाकून बघत होते.

"माझं डोकं चौकोनी का गं?"

"काटकोन आले पाहिजेत ना?" वावटळ म्हणाली. "चारही आलेत. गुण्या लावून बघा."

भाऊ हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं आहे. मी ते डायरीत लिहिलं. आजी आणि आजोबा यांच्या मधोमध तिने स्वतःला काढलं, केसांत एक पान अडकलेलं. रात्री आजीच्या कुशीत शिरून ती म्हणाली म्हणे, शनिवार जरा पुढे ढकलता येतो का?

शुक्रवारी दुपारी काम संपलं. साखळी पुन्हा पंख्यासारखी मिटून, कागद सपाट बसावा म्हणून टेबलावर ठेवली आणि मुलं अंगणात पळाली. मी वर माझ्या खोलीत चष्मा पुसत होते. खालून ओळखीचा आवाज आला. खचाक. मग पुन्हा खचाक. मग तिसऱ्यांदा.

"आता काय कापलंत?" स्वयंपाकघरातून आवाज.

"काही नाही. कडा."

आणि मग शांतता. त्या घरात शांतता झाली की भाऊ झोपलेले तरी असतात किंवा काहीतरी बिघडलेलं तरी.

थोड्या वेळाने भाऊ माझ्या दारात उभे होते. हातात ट्रे, ट्रेवर रुमाल. चेहरा असा, की मी आधी खुर्ची पुढे केली.

"वहिनी, गठ्ठा होता," ते म्हणाले.

रुमाल काढल्यावर मला समजलं. बांधणीच्या कामात गठ्ठा हातात आला की तो ठोकून सारखा करायचा आणि तीन बाजू कापायच्या. चौथी बाजू म्हणजे पाठ, तिला हात लावायचा नाही. हे हात तेच करत आले आहेत जन्मभर. मिटलेली साखळी टेबलावर होती, तिच्या कडा पुढेमागे झाल्या होत्या, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. वरून कापलं तेव्हा सगळ्या इमारतीचे केस गेले. खालून कापलं तेव्हा पावलं गेली. समोरून कापलं तेव्हा एकाआड एक हात तुटले. पाठीची बाजू तेवढी शाबूत, म्हणून माणसं दोन दोन करून सुटली होती, आमच्या शाळेच्या सहलीला सिस्टर लावायच्या तशी जोड्याजोड्यांनी. वावटळ आजीच्या हातात हात घालून होती. भाऊंच्या वाट्याला पोस्टमन आला होता. माझी जोडी प्लंबरशी, आणि अंबाडा व टोपी दोन्ही गेल्यामुळे दोघांतलं कोण कोण हे चष्म्यावरूनच ओळखायचं.

"नात बाजूला गेली," भाऊ म्हणाले. "उद्या लेक येतेय. काय सांगू मी?"

"जे झालं ते सांगा."

"त्यापेक्षा दुसरी करू. कळणार नाही."

मी त्यांना समजवायला हवं होतं, पण त्यांनी तोवर माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरला होता आणि पट्टी काढली होती. त्यांची नवी माणसं एकसारखी झाली. एकच उंची, एकच नाक. डोळे पट्टीने मोजून दोन्हीकडे सारख्या अंतरावर. सगळी इमारत एकाच आईची लेकरं वाटत होती, आणि ती आई फार कडक असावी.

"भाऊ, माझं नाक आणि दूधवाल्याचं नाक एक नाही."

"प्रमाणात आहे."

"प्रमाणात असेल, पण माझं नाही."

तेवढ्यात खालून बायकोची हाक आली, "अहो! ती वर येतेय!" पण वावटळ नाव उगाच पडलेलं नाही. हाक पोहोचायच्या आधीच पोर दारात होती.

तिने ट्रे पाहिला. मग टेबलावरची एकसारखी माणसं पाहिली. मग आजोबांना. भाऊ उभे राहिले, मास्तरांसमोर उभे राहावं तसे.

"मी कापलं."

"का?"

"गठ्ठा होता."

"मी फुलदाणी फोडली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

"डोळे कुठे होते, असं."

"मग तुमचे कुठे होते?"

"कडांवर," भाऊ म्हणाले.

मग ती रडली. खोटं नव्हे, मनापासून, खांदे हलवून. भाऊ पुढे झाले. त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी तिची कॉलर सरळ केली. रडणाऱ्या पोरीची कॉलर सरळ करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"सरळ करू नका!" ती ओरडली. "सगळं सरळ करता! मला नाही राहायचं इथे!"

भाऊंचे हात खाली आले. ते खुर्चीवर बसले आणि आपल्या बोटांकडे बघत राहिले.  शेवटी ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "खरं आहे. मला दुसरं येत नाही. तू शिकव."

वावटळीने बाहीला नाक पुसलं. तिला रुमाल वापरायला सांगावंसं वाटलं, पण ती वेळ नव्हती.

"कापलेलं कुठे आहे?" तिने विचारलं.

कात्रण भाऊ फेकत नाहीत. मशीनखालच्या पोत्यात ते सगळं होतं: केसांच्या पट्ट्या, पावलांच्या पट्ट्या, बोटांचे तुकडे. आम्ही खाली भाऊंकडे गेलो, अंगणातली मुलं बोलावली गेली. पोतं फरशीवर उपडं झालं, आणि ज्या घरात टोस्टचा चुरा पडू देत नाहीत, तिथे गुडघाभर कागद झाला. भाऊंना मुलांच्या छोट्या स्टुलावर बसवलं. पट्टी काढून घेतली. खळीचा, म्हणजे पिठाच्या चिकीचा, ब्रशही.

"खळ बोटाने लावायची," वावटळ म्हणाली.

"बोटाने सारखी लागत नाही गं."

"नाही लागली तरी चालते."

भाऊंनी तर्जनी खळीत बुडवली. थंड पाण्यात पाय घालताना करतो तसा चेहरा केला. पहिली पावलं त्यांनी लावली ती पोस्टमनला, आणि उलटी लावली. पोस्टमन पुढे बघत मागे चालू लागला. भाऊ घाईने काढायला गेले, तर मुलं एका सुरात ओरडली, "छान आहे! पुढचं करा!" थोड्या वेळात त्यांच्या भुवईला खळ लागली होती. पुसायला गेले तेव्हा दुसऱ्या भुवईलाही लागली.

"भाऊ," मी म्हटलं, "माझा अंबाडा तुम्ही प्लंबरला लावलात."

"राहू दे, वरच्या आजी," जुळ्यांपैकी एक गंभीरपणे म्हणाला. "बाबांना केस नाहीतच. त्यांना आवडेल." माझ्या डोक्यावर निळी टोपी आली. मी तक्रार केली नाही. चष्म्यावर तशी बरी दिसत होती.

दारात भाऊंची बायको उभी राहून बघत होती. एवढा वेळ ती गप्प होती, हेही नोंद घेण्यासारखं. मग म्हणाली, "सवतीला सोडचिठ्ठी मिळाली बरं का आज." आणि चहा टाकायला गेली.

शनिवारी संध्याकाळी लेक आली. कठड्याला साखळी लावलेली होती. कुणाचा हात लांब, कुणाचा आखूड, जोडांवर कात्रणांची ठिगळं. मध्येच एक माणूस दुसऱ्याचा कान धरून उभा होता. ती एकेका पायरीवर थांबत साखळीसोबत वर गेली आणि तशीच खाली आली.

"बाबा, हे कुणी चिकटवलं?"

"मी."

"वाकडं आहे."

"आहे."

तिने आईकडे पाहिलं. "यांना बरं आहे ना? डोळे तपासलेत का?"

"डॉक्टरांकडे नेलं नाही अजून," आई म्हणाली. "म्हटलं, आहे तसं दोन दिवस राहू दे."

लेक हसली, मग हसता हसता थांबली. "मी शाळेत कागदाचं फूल केलं होतं. तुम्ही ते रात्रीत नीट करून ठेवलंत. बाईंनी परत पाठवलं, दुसऱ्याने करून दिलंय म्हणून."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? फूल फार सुंदर झालं होतं."

 कठड्यावरच्या साखळीचं एक टोक सुटत होतं, ते भाऊंनी बोटाने दाबून धरलं आणि तसेच उभे राहिले.

लेकीने पोरीची पिशवी उचलली. "चल. बूट घाल. आणि शिबिराचं काय ते सांग, त्यांना उद्या कळवायचंय."

वावटळ एका पायात बूट घालून उभी होती. "शिबिरात आजोबांना घेतात?"

"नाही गं."

"मग कसं जमेल? त्यांचं अजून अर्धंच शिकून झालंय. मी नसले की परत कापतील."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पुढच्या सुट्टीत मला इथे यायलाच लागेल. सुरुवातीपासून. त्यांना कात्रीही नीट धरता येत नाही, सारखे सरळच कापतात."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. ते अजून ते टोक दाबून उभे होते, भुवईत कालची खळ तशीच वाळलेली. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "बरं. शिबिरवाल्यांना नाही म्हणून कळवते." आणि मग, पोरीला, "दुसरा बूट कुठाय?"

"आजोबा," दुसरा बूट शोधता शोधता वावटळ म्हणाली, "अभ्यास देऊन जाते. मी येईपर्यंत एक माणूस करून ठेवायचा. पट्टी न वापरता. मी तपासणार आहे."

"करतो," भाऊ म्हणाले.

"नाक कसं काढायचं?"

"ज्याचं त्याचं."

"छान आहे," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

३ मे, शनिवार. बाइंडरांची नात गेली. पुढच्या सुट्टीत पूर्ण मुक्कामाला येणार. भाऊंनी शेवटी भुवया धुतल्या. उद्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली जाणार आहे. दोन बादल्या आणि मोठं पातेलं भरून झाकून ठेवलं.